अठराचा बार

चेनसॉच्या दुकानात भिंतीवर बार, म्हणजे चेन ज्यांच्या कडेने धावते ती पाती, टांगलेले असतात, लहानापासून मोठ्यापर्यंत, खाटकाकडे सुरे टांगावेत तसे. गिऱ्हाईक आत शिरलं की त्याची नजर आधी शेवटच्या बारवर जाते. माझीही गेली होती. 60 सीसीची मशीन पसंत केली, तेवढ्यात दुकानदार म्हणाला, "भाऊ, घेताच आहात तर 24 इंची घ्या. मोठं झाड आलं तर अडायला नको."

ते मोठं झाड वर्षातून दोनदा आलं. बाकीचे दिवस मी अठराच्या पुढचे ते सहा जादा इंच नुसते वाहत होतो.

आमच्या दापोलीच्या बाजूला रोज हाताखाली काय येतं ते बघा. सुपारीचं खोड वीतभरसुद्धा नसतं. माड फूटभर. आंब्याची जुनी कलमं दीड-दोन फूट. तीन फुटांपुढे जाणारा एखादा रायवळ, नाहीतर रस्त्याकडेचा वड. मग मशीन घ्यायची ती रोजच्या झाडावर की त्या वडावर? माणूस वडावरच घेतो. लग्नासाठी घेतलेली पातेली वर्षभर माळ्यावर पडून असतात, तसाच हा प्रकार. फक्त ही पातेली रोज खांद्यावर घेऊन फिरावं लागतं.

कॅटलॉगमध्ये 60 सीसीच्या मशीनचं वजन साडेपाच-सहा किलो लिहिलेलं असतं. ते बार, चेन, पेट्रोल आणि तेल सोडून. सगळं चढवून हातात घेतली की आठाच्या आसपास जाते. त्यात बार लांब असला की नाक खाली ओढतं आणि दुपारी तीननंतर डावं मनगट बोलायला लागतं. 50 सीसीची मशीन किलोभर तरी हलकी. तिच्यावर 16 किंवा 18 चा बार बसवला की फांद्या साफ करायला तिच्यासारखी दुसरी नाही. 60 वर 18 किंवा 20. ती 24 ओढत नाही असं नाही, ओढते. पण अख्खा बार कठीण लाकडात गेला की इंजिन कण्हायला लागतं.

इथे एक गोष्ट मला उशिरा कळली. इंजिनावर खरा बोजा पडतो तो लाकडात बुडालेल्या लांबीचा. फूटभर माड कापताना 18 चा बार असो की 24 चा, लाकूड खाणारे दात तेवढेच. म्हणजे लांब बार रोजच्या कामात इंजिनाला फारसा जड जात नाही, माणसाला जातो. तेल जास्त पितो. 24 इंची चेनला 42 दात, 18 ला 33. संध्याकाळी कानस घेऊन बसलात की हा फरक कंबरेला कळतो. शिवाय माडाचं लाकूड बाहेरून कठीण, आत भुसभुशीत, आणि वाडीतल्या वाळूत पडलेला माड तर धार खाऊनच टाकतो. भुशाच्या जागी पीठ पडायला लागलं की समजावं, दात गेले.

आणि बारचं नाक, म्हणजे पुढचं टोक. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर केळशी-आंजर्ल्याच्या वाड्यांत माड आणि सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा एकावर एक पडल्या होत्या. एक माड कापत होतो. फूटभर खोडाच्या पलीकडे माझा बार आणखी फूटभर बाहेर होता, आणि तिकडे झावळ्यांखाली दुसरं खोड लपलेलं. बारच्या नाकाचा वरचा कोपरा त्याला टेकला. पुढचं मी पाहिलंच नाही. मशीन उसळून कपाळाच्या दिशेने आली, डाव्या हाताचं मनगट पुढच्या दांडीवर आपटलं, ब्रेक लागला आणि चेन थांबली. ती चेन सेकंदाला वीसेक मीटर धावत असते. मी खाली बसलो, पाणी प्यायलो आणि घरी काही सांगितलं नाही.

दुसऱ्याच आठवड्यात 18 चा बार आणला. रायवळाचं काय, असं लोक विचारतात. पडलेला ओंडका आधी कुठून दबलाय आणि कुठून ताणलाय ते बघायचं. दबलेल्या बाजूने थोडं आत जायचं, पाचर मारायची, मग उरलेलं ताणलेल्या बाजूने. खोड जाडच असेल तर एका अंगाने बार घालायचा, वळसा घालून दुसऱ्या अंगाने यायचं आणि दोन्ही काप जुळवायचे. अडीच फुटांचं खोड अठरावर निघतं. वेळ जातो, पण माझे बाबा दोघांची करवत ओढत हेच काम अख्खा दिवस करायचे, त्यांच्यासमोर वेळेची तक्रार करायची सोय नव्हती.

तो बार आणला तेव्हा चेन मात्र दुसऱ्या दुकानातून घेतली, स्वस्त मिळाली म्हणून. पिच, म्हणजे कड्यांमधलं अंतर, बरोबर होता, थ्री-एट, त्यामुळे स्प्रॉकेटवर बसली. पण बारची खाच 1.6 मिलिमीटरची आणि चेन 1.3 ची. खाचेत ती डुलायची, प्रत्येक काप केळ्यासारखा वाकडा यायचा. दोन दिवस मी धारेलाच दोष देत कानस घासत बसलो. आकडे बारच्या बुडाशी कोरलेले असतात. वाचले नव्हते.

या चेनच्या दाताची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने 1946 मध्ये एक अळी लाकूड पोखरताना पाहिली. तिचे जबडे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे चालत होते. त्यावरून त्याने आळीपाळीने डावा-उजवा दात असलेली चेन बनवली. आमच्या आंब्यांना पोखरणारा भिरूड त्याच कुळातला. बागायतदार आयुष्यभर त्याला शिव्या देतो, तार घालून बिळातून ओढून काढतो, आणि मग त्याच्याच जबड्याची नक्कल हातात घेऊन वठलेलं कलम कापतो.

यंदा पुतण्या कामाला लागलाय. त्यालाही 24 च हवा होता. मी टेप दिला आणि आठवडाभर प्रत्येक खोडाचा व्यास वहीत लिहायला लावला. शनिवारी त्याने वही दाखवली, बारबद्दल एक शब्द बोलला नाही. संध्याकाळी पडवीत चेन घासत बसला होता, आतून बाहेर, 30 अंशांत, आधी सगळे डावे दात, मग उजवे. मध्येच थांबला.

"काका, फसवलं आपल्याला. इथे दोन डावे दात शेजारी-शेजारी आलेत."

"किती दात आहेत?"

त्याने परत मोजले. "तेहतीस."

"मग?"

थोडा वेळ तो चेनकडे बघत राहिला, मग स्वतःशीच हसला आणि पुढचा दात घासायला घेतला.