खडीच्या वाटेने आत्तीच्या गावाला

तुमच्या घरी सायकल आहे ना? ओसरीवर नसेल तर गोठ्यामागे असेल, चाकातली हवा गेलेली, कॅरिअरवर कोंबडी बसलेली. पण असेलच. डेअरीला दूध घालायला, दळण आणायला, पोरांना हायस्कुलात पाठवायला आपण ती चालवली आणि मोटारसायकल आल्यावर सोडून दिली. आता शहरातल्या पोरांनी तिचाच एक नवा अवतार धरला आहे. तिला ग्रॅव्हल बाईक म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी. डांबर सोडून मुद्दाम खडीच्या, मुरमाच्या, मातीच्या रस्त्याने हिंडायची ही सायकल. ज्या रस्त्यांना आपण उभा जन्म नावे ठेवली, त्यांवर पैसे खर्चून जायचे! हसू आले ना? मलाही आले होते.

माझ्या पुण्याच्या पुतण्याने अशी एक सायकल घेतली आणि लांब बदली झाल्यावर आमच्या ओसरीवर आणून ठेवली. किंमत सांगत नाही. तेवढ्यात दुभती म्हैस आली असती. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, टायर मात्र दोन बोटांहून रुंद. बारीक टायरात शंभर पौंडांपर्यंत हवा भरतात, यात तीस-पस्तीस पुरते. हवा कमी म्हणून टायर खड्यावर दबतो आणि जमीन धरतो. ब्रेक चाकाच्या मधल्या पोलादी चकतीला लागतो. मागे एक दातेरी चक्र चांगले बशीएवढे आहे. चढाला साखळी त्यावर टाकली की पाय हलके होतात. आमच्यासारख्या साठीकडे झुकलेल्यांसाठीच ते केले असावे.

या खेळाच्या मोठ्या शर्यती परदेशात होतात. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी २००६ साली दोनशे मैलांची एक सुरू झाली. २०२२ साली इटलीत पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. त्याच इटलीत टस्कनी भागात पांढऱ्या खडीचे जुने रस्ते आहेत. त्यांवर डांबर पडू नये, ते जसेच्या तसे राहावेत, म्हणून १९९७ साली तिथल्या लोकांनी जुन्या सायकलींची एक फेरी सुरू केली. मी हे आत्तीला सांगितले, तेव्हा ती काय म्हणाली ते पुढे सांगतो.

आत्तीचे गाव शिवसागराच्या पलीकडे आहे. कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांची खोरी तुम्ही पाहिली नसतील तर एकदा पाहा. १९६० नंतर कोयनेच्या धरणात पाणी साठू लागले आणि खोऱ्यांच्या तळची भातखाचरे बुडाली. पुनर्वसनाचा कायदा आपल्याकडे १९७६ साली झाला, म्हणजे पुष्कळ उशिरा. काही घरे सांगली-सोलापूरकडे गेली, काही ठाण्याकडे, आणि काही नुसतीच डोंगरावर वर सरकली. आत्तीचे घर वर सरकणाऱ्यांतले. आज तिथे नऊ उंबरे आहेत, त्यांतले पाच कुलूपबंद. माणसे मुंबईला. आत्ती बेऐंशी वर्षांची, एकटी राहते.

माघात आतेभावाचा फोन आला. तो मुंबईत माथाडी होता, आता घरीच असतो. म्हणाला, "आईला मी कायमची इकडं आणतोय. गेल्या पावसात ती चार दिवस तापात पडून होती अन् जीप वर चढली नाही. तू एकदा जाऊन रस्ता बघ. पावसात गाडी जाईल असं तुला वाटलं तर राहू दे तिला. नाही तर मी तुझं नाव सांगून तिला घेऊन येणार." आता सांगा, एका म्हातारीचे घर राहणार की सुटणार हे माझ्या शब्दावर आले! जीपमधून रस्ता कळत नाही. पायी गेलो तर दोन दिवस मोडतात. म्हणून चैत्र लागला तसा पुतण्याची सायकल टेम्पोत घातली, तापोळ्यापर्यंत गेलो आणि तिथून लाँचमध्ये चढवली.

पलीकडे उतरले की तांबडा रस्ता सुरू. जांभ्या दगडाची खडी गोल असते. पाटीभर हुलगे अंगणात सांडून त्यावरून चालून पाहा, म्हणजे कळेल. उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबला की सायकल आडवी झालीच म्हणून समजा. बूड मागे सरकवायचे, ब्रेक थोडा थोडा धरायचा, हँडल मुठीत आवळायचे नाही, आणि डोळे चाकापाशी नव्हे तर वीस-पंचवीस पावलांपुढे ठेवायचे. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे पटकन जमते.

अंजनीला निळी फुले आली होती. कुठे तरी शेकरू कचकच करीत होते. आणखी एक सांगून ठेवतो, या जंगलात गवे आहेत. सायकलीला आवाज नसतो, म्हणून प्रत्येक आंधळ्या वळणाआधी घंटी वाजवायची. गवा दिसला तर लांबच थांबायचे. तो आपल्या सवडीने जातो. आणि मौज म्हणून वाटेल त्या जंगलवाटेला शिरू नका. कोयनेचे अभयारण्य १९८५ सालचे, २०१० पासून ते व्याघ्र प्रकल्पात आहे. आत जायला वनखात्याची परवानगी लागते.

रस्ता अकरा किलोमीटर. मी तो तीन तासांत केला, कारण दर थोड्या वेळाने उतरून पाहत होतो. चाकाने मला एक गोष्ट दाखवली. खडी वाईट नाही, चढही वाईट नाही, वाईट आहे ते पाणी. डोंगर कापून केलेल्या रस्त्याला डोंगराच्या अंगाने गटार असते. ते दगडमातीने भरले की पावसाचे पाणी रस्त्यावर येते, आडवे जाते आणि चर पाडते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हा मुलूख त्याच्या शेजारचा. तिथे गटाराशिवाय डांबर केले तरी ते किती टिकणार? पहिला ओढा चांगला होता, फरशी शाबूत. सातव्या किलोमीटरवरच्या मोरीचे दोन्ही नळ पाल्याने आणि गाळाने बुजलेले. तिथून वरचा दीडेक किलोमीटर चढ चरांनी फाडून टाकलेला. जीप अडते ती इथेच. त्यापुढे आत्तीच्या दारापर्यंत रस्ता असा, की मी गाणे म्हणत गेलो.

आत्तीने आधी सायकलीभोवती फेरी मारली. "कॅरेज न्हाई? मग हिच्यावर नाचणीचं पोतं कसं घालायचं?" या प्रश्नाला पुतण्याकडेही उत्तर नसेल. जेवताना मी तिला इटलीची हकिगत सांगितली. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "त्यास्नी रातीचं दवाखान्यात जावं लागत नसंल."

मग मी मुद्द्यावर आलो. म्हटले, "आत्ती, निदान पावसाचे चार महिने तरी मुंबईला जा. दिवाळीला परत ये."

"आरं, पावसातच तर माझं काम हाय. नाचणीचं तरू कोण टाकंल? लावणी कोण करंल? दिवाळीला येऊन रिकाम्या घरात बसू व्हय? न्यायचंच तर उन्हाळ्यात न्या, तवा मी रिकामी आसते."

ऐकलेत? रस्ता बंद होतो त्याच दिवसांत शेत बोलावते. आतेभाऊ म्हणतो ते खोटे नाही, तापाने फणफणलेली आई आणि खाली अडकलेली जीप हे त्याने सोसले आहे. पण आत्तीही हट्टापायी बोलत नव्हती. तिच्या खाचराला आषाढातच माणूस लागतो.

दुसऱ्या दिवशी उतरताना मी बुजलेले गटार पावलांनी मोजले. सातशे पावले भरले. लाँचच्या धक्क्यावर फोनला रेंज आली तेव्हा आतेभावाला सगळे सांगितले. म्हटले, "डांबराची वाट बघू नकोस. मोरीचे नळ मोकळे करून गटार उपसले, चर मुरमाने भरून वर दगड ठोकले, की जीप चढेल. वैशाखात जत्रेला तुमची मुंबईची मंडळी येतातच. दोन दिवस आधी या, फावडी-टिकाव घेऊन. अन् पावसात दर पंधरा दिवसांनी गटारावर कुणी तरी नजर ठेवली पाहिजे, ते मी खालच्या गावातल्या पोराशी बोललोय."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटले रेंज गेली. मग त्याने विचारले, "माणसं किती लागतील?"

मी म्हणालो, "बारा."