बांधावरची तार

गेल्या ४ ऑक्टोबर रोजी, आसिसिकर संत फ्रान्सिस ह्यांच्या सणादिवशी, तलमडुगुच्या शिवारातील एका भाविकाच्या शेतास आशीर्वाद देण्यास आम्ही गेलो होतो. कापसाची बोंडे नुकतीच फुटू लागली होती. पवित्र जल शिंपडीत बांधाने चालत असता एक उघडी तार आमच्या झग्यास लागली. "फादर, जपून! दिवसा करंट नसतो, तरी लांबूनच चला," घरधनी म्हणाले. आम्ही प्रार्थना पुरी केली, चहा घेतला आणि काही न बोलता परतलो. ते मौन आम्हांस अद्याप बोचते.

तार रानडुकरांसाठी होती, हे खरे. परंतु तारेस डुक्कर कोणते आणि वाघ कोणता हे कळत नाही. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वरचे अभयारण्य आहे. ते १९९७ साली जाहीर झाले. क्षेत्र अवघे १४८ चौरस किलोमीटर. तेथे वाघ वाढले, जागा वाढली नाही. वयात आलेला नर नवे रान शोधीत निघतो आणि नदी ओलांडून आपल्या बाजूस येतो. २०१९ साली तेथूनच निघालेला एक तरुण वाघ, गळ्यात संशोधकांनी बांधलेला पट्टा घेऊन, आदिलाबाद व नांदेडच्या रानांतून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत १३०० किलोमीटरांहून अधिक चालला. वाटेत शेते किती लागली असतील! त्याची राखण वनरक्षकाने एकट्याने कशी करावी?

गुब्बिओच्या लांडग्याची कथा आम्ही दर सणाला मुलांस सांगतो. लांडग्याने कोणास इजा करू नये, हा करार सर्वांस पाठ आहे. नगरवासीयांनी त्यास रोज अन्न द्यावे, हेही त्याच करारात होते. ते मात्र आम्ही घाईने उरकतो.

आठवड्याने आम्ही पुन्हा त्या शेतावर गेलो व तारेचा विषय काढला. "फादर, देवळातलं दानही ह्याच कापसाचं आहे," ते म्हणाले. "डुकरं एका रात्रीत वाफेच्या वाफे उलथतात. भरपाईसाठी खेटे घालून वहाणा झिजल्या." ह्यावर आम्हांपाशी उत्तर नव्हते. शेवटी इतकेच विचारले, "दादा, तुमचा पुतण्या रात्री मोटार सुरू करावयास कोणत्या वाटेने जातो?" ते बराच वेळ बांधाकडे पाहत राहिले. तार त्यांनी दुसऱ्या दिवशी काढली.

तेव्हापासून धर्मग्रामातील तरुण पाळीपाळीने त्यांच्या माचाणावर जागलीस बसतात. गेल्या शनिवारी आमची पाळी होती. दोनच्या सुमारास कळप आला. आम्ही पत्र्याचा डबा असा बडविला की रविवारच्या मिस्सेत हात उचलवेना. डुकरे पळाली ती थेट शेजारच्या शेतात. तेथील तार अजून तशीच आहे. उद्या त्या घरी जावयाचे आहे.