एकाच पंगतीला

घरातली परंपरा टिकते ती बहुतेक जेवणाच्या वेळेला. चर्चला माणूस आठवड्यातून एकदा जातो, ताटावर मात्र रोज बसतो. आमच्या घरी पानं वाढून झाली तरी लगेच कुणी घासाला हात लावत नाही. वडीलधारं माणूस दोन वाक्यांत देवाचे उपकार मानतं, सगळे ‘आमेन’ म्हणतात आणि मग भाकरी मोडली जाते. पाहुणा लिंगायत असो, मराठा असो की मुसलमान, तोही तेवढा वेळ हात आवरून थांबतो. ख्रिस्ती घरं बोटांवर मोजावीत अशा गावात त्या अर्ध्या मिनिटानेच आमची ओळख राखली आहे.

दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातलं, सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं गाव. इथून पुढे गाडी कर्नाटकात शिरते. आडत बाजारात तुरीच्या भावाचं बोलणं कन्नडमध्ये सुरू होतं आणि मराठीत संपतं. एका अंगाला स्वामी समर्थांचं अक्कलकोट, दुसऱ्या अंगाला दत्ताचं गाणगापूर, त्यामुळे भाविकांची वर्दळ बारा महिने. ख्रिस्ती मंडळी या भागात दोन दिशांनी वाढली. सोलापूरकडून अमेरिकन मराठी मिशनची मराठी उपासना आली, तर बिदर-गुलबर्ग्याकडून मेथॉडिस्टांची कन्नड गीतं. आमच्या घरात ‘उपासना संगीत’ नेहमी हाताशी असतं आणि सासूबाईंच्या माहेरची कन्नड गाणी तोंडपाठ असतात.

घरच्या रीती साध्याच आहेत. संध्याकाळी दिवे लागले की शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक उतारा वाचायचा, पेटीवर एक गीत म्हणायचं, शेवटी प्रभूची प्रार्थना. कापणीचा सण आला की ज्वारीची कणसं आणि तुरीची पायली वेदीपुढे न्यायची. उत्तम शुक्रवारी दुपारी घरात चूल पेटवायची नाही. नाताळात दारावर कागदाची चांदणी लावायची, आणि करंज्या, चकल्या, शंकरपाळ्यांची ताटं केकच्या तुकड्यासह शेजारी पाठवायची. दिवाळीला त्यांची ताटं आमच्याकडे येतात, नाताळला आमची त्यांच्याकडे जातात.

या सगळ्यांत जुनी रीत कोणती, असं सासूबाईंना विचारलं की त्या सासऱ्यांच्या वडिलांची गोष्ट सांगायच्या. ते गावकुसाबाहेरच्या वस्तीतले. चहाच्या दुकानात त्यांची कपबशी बाहेर वेगळी ठेवलेली असे. कामाच्या शोधात सोलापूरला गेले आणि तिथल्या मंडळीत मिसळले. बाप्तिस्म्याच्या दिवसाबद्दल ते फारसं बोलत नसत. पण त्याआधी, एका जेवणाच्या वेळी, शेजारी बसलेल्या सवर्ण गृहस्थांनी त्यांच्याकडे पाणी मागितलं होतं. यांनी तांब्या पुढे केला आणि ते गृहस्थ पाणी प्याले. म्हातारपणीही हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा म्हणे. त्या दिवशी जेवायला मिळालं याचं त्यांना इतकं अप्रूप नव्हतं. जेवण धन्याच्या घरीही मिळायचं, वरून टाकलेलं. कुणीतरी आपल्या हातचं घेतलं, हे मोठं होतं.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे धर्म, जात आणि मान यांचा सगळा हिशेब पाण्यावर आणि पंगतीवर झाला आहे. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं. आमच्या ख्रिस्ती परंपरेत या गोष्टीची सर्वांत जिवंत नोंद लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. त्यांच्या पतीने, रेव्हरंड टिळकांनी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. पण वाचकाच्या मनात घर करते ती त्या दोन तारखांमधली वाट. कडक सोवळ्यात वाढलेली ही बाई, जात माणसांनी केली आहे हे मनाला पटल्यावर कुणाच्याही हातचं खाण्यापिण्याचा निश्चय करते. प्रभुभोजनात भाकर आणि द्राक्षारस एकमेकांच्या हातून घेतात, त्याचा या मातीतला अर्थ तिथे लख्ख दिसतो. पुढे टिळकांनी ओवी-अभंगाच्या वळणाची भजनं लिहिली म्हणून आमची उपासना मराठी झाली. आणि माणसं एका मेजावर बसली म्हणून ती मंडळी झाली.

हे सगळं मनात पुन्हा वर आलं ते सुनेमुळे. मुलगा कामासाठी दक्षिण कोरियात गेला आणि तिथल्याच एका प्रेस्बिटेरियन घरातल्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं. धर्म एकच, त्यामुळे बाप्तिस्मा, लग्नविधी यांचा प्रश्न नव्हता. तरी आप्तांमध्ये कुजबुज झाली: आता मराठी उपासना कोण करणार, नातवंडं कुठल्या भाषेत प्रार्थना म्हणणार, घरचं काय उरणार? काळजी खोटी नव्हती. छोट्या समाजाला प्रत्येक घर म्हणजे एक खांब वाटतो.

सून पहिल्यांदा दुधनीला आली ती नाताळात. संध्याकाळच्या प्रार्थनेला मांडी घालून आमच्यात बसली. मराठी तिला कळत नव्हतं. पण पेटीवर ‘सायलेंट नाइट’ची चाल सुरू झाली आणि तिने कोरियन शब्दांत आमच्या मराठीबरोबर सूर धरला. ऑस्ट्रियातल्या एका खेड्यात १८१८ साली पहिल्यांदा म्हटलेलं ते गीत दुधनीच्या ओसरीवर दोन भाषांत एकाच वेळी चाललं होतं. भाकरीचा तुकडा एका हाताने मोडून त्यात शेंगांची चटणी आणि दही धरायला ती दोन-तीन दिवसांत शिकली. ती आमच्याकडून सगळं शिकत होती: पदर, चप्पल कुठे काढायची, कुणाला काय म्हणायचं. जन्मभर शाळेत शिकवल्यामुळे मला एक माहीत आहे. ज्याला सतत शिकावंच लागतं, ते मूल वर्गात अवघडून बसतं. त्याला काहीतरी शिकवायला सांगितलं की ते ताठ होतं. म्हणून मी तिला म्हटलं, तुझ्या चॉपस्टिक काढ, मला शिकव.

कोरियन चॉपस्टिक स्टीलच्या असतात, चपट्या आणि वजनदार. चिनी काड्या लांब आणि बोथट टोकाच्या, जपानी आखूड आणि निमुळत्या. या दोन्ही बहुधा लाकडाच्या, म्हणून घास त्यांना धरून राहतो. स्टीलवरून तो निसटतो. तिने माझा हात आपल्या हातात घेतला. खालची काडी अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात रोवायची आणि अनामिकेच्या बाजूवर टेकवायची. ही काडी हलवायची नाही. वरची काडी पेन्सिलीसारखी अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांच्यात धरायची. उघडझाप फक्त हिची. दोन्ही टोकं एका पातळीत आली पाहिजेत, नाहीतर चिमटा बसत नाही. मनगट सैल ठेवायचं. जोर दिला की वरची काडी फिरते आणि घास उडतो. आधी भेंडीची फोड, मग फुलकोबीचा तुरा, मग ताटलीत भाजलेले शेंगदाणे. शेंगदाणा सगळ्यांत कठीण. तो गोल असतो आणि वर साल सुटलेलं असतं. त्याला मध्यावर नेमकं धरावं लागतं, दाबावं लागत नाही. पहिला दाणा उचलून मी तोंडात टाकला तेव्हा तिने माझा हात धरून जो आनंद केला, तो माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्या दिवसानंतर ती स्वयंपाकघरात विचारल्याशिवाय डबे उघडू लागली.

तिच्याकडून मी चमच्याचाही नियम शिकले. कोरियात भात आणि रस्सा चमच्याने खातात आणि मधल्या वाट्यांमधल्या भाज्या चॉपस्टिकने घेतात. चीन-जपानसारखी भाताची वाटी हातात उचलत नाहीत. घरातल्या वडील माणसाने सुरुवात केल्याशिवाय धाकट्यांनी जेवायचं नाही. सुनेच्या माहेरी तर त्याआधी प्रार्थना होते, त्यामुळे तिथेही पानं वाढल्यावर तेवढा वेळ सगळे थांबतात. भात त्यांचा चिकट. आमच्याकडे इंद्रायणी शिजवला तर तिच्या मनाजोगा होतो.

भातात चमचा किंवा चॉपस्टिक उभी खोचून ठेवू नये, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कोरियात पूर्वजांसाठी करायच्या जेसा विधीत मृतासमोर ठेवलेल्या भाताच्या वाडग्यात चमचा उभा रोवतात. ते मृताचं ताट, जिवंत माणसाचं नव्हे. कोरियन प्रॉटेस्टंटांनी ख्रिस्ती झाल्यावर हा विधी सोडला. पण आईबापांची आठवण सोडता येत नाही. म्हणून त्यांनी स्मरणाची उपासना सुरू केली. पुण्यतिथीला सगळं घर जमतं, गीत म्हणतं, वचन वाचतं, गेलेल्या माणसाच्या आठवणी सांगतं आणि मग एकत्र जेवतं. हे ऐकताना मला आमचंच घर दिसलं. आमच्याकडेही श्राद्ध सुटलं, पिंड सुटले. पण सासऱ्यांच्या स्मृतिदिनी पाळक येतात, त्यांचं आवडतं गीत होतं आणि त्यांच्या आवडीची पुरणपोळी सगळ्यांना वाढली जाते. दोन दूरच्या देशांतली साधी माणसं, एकमेकांना न विचारता, त्याच प्रश्नाच्या त्याच उत्तराशी पोहोचली होती. विधी सोडताना नातं हातचं जाऊ द्यायचं नाही, हे दोघांनाही आपापलं कळलं होतं.

या दोन मंडळ्यांचा इतिहासही जवळचा आहे. आमच्याच लोहमार्गावर पुण्याकडच्या बाजूला केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठी आत्मिक जागृती झाली. त्यानंतर दोन वर्षांत, जानेवारी १९०७ मध्ये, प्याँगयांगला तशीच लाट उठली. भल्या पहाटे जमून प्रार्थना करायची कोरियन चर्चची रीत त्याच काळात रुजली. सून आजही अंधारात उठून बसते. रमाबाईंनी साध्या बायकांना समजेल अशा मराठीत शास्त्राचं भाषांतर केलं. कोरियातही शास्त्र छापलं गेलं ते विद्वानांच्या चिनी लिपीत नव्हे, बायकामुलांना वाचता येणाऱ्या हंगुलमध्ये. सुनेला मी रमाबाईंची गोष्ट सांगते तेव्हा तिला ती परकी वाटत नाही.

आणि सोलापूरकरांना परक्या मेजावर बसण्याचा धडा द्यायला डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आहेतच. सोलापुरात १९१० साली जन्मलेला हा तरुण १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला. औषध घेऊन गेला, पण तेवढ्यावर थांबला नाही. त्याने तिथली भाषा शिकून घेतली, त्या भाषेत शिकवलं, सैनिकांबरोबर राहिला, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच त्याचा अंत झाला. भैय्या चौकातल्या त्यांच्या घरी आता स्मारक आहे. सुनेला मी ते दाखवलं. मदत करणारे पुष्कळ येतात आणि जातात, चीनने यांना आपलं मानलं. कारण त्यांनी चीनकडूनही घेतलं: शब्द, अन्न, संसार. देणारा मोठा असतो, पण जवळचा होतो तो घेणारा.

आप्तांच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथून येतं. घरची मराठी उपासना मी एक दिवसही बंद ठेवलेली नाही आणि सुनेसाठी ती आखडतीही घेतलेली नाही. नातीला प्रभूची प्रार्थना मी मराठीतच शिकवते, तिची आई कोरियनमध्ये. लेकरू दोन्ही म्हणतं. टिळकांची भजनं तिच्या कानावर पडली पाहिजेत, कापणीच्या सणाला तिने स्वतःच्या हाताने तुरीची ओंजळ वाहिली पाहिजे, नाताळचं ताट घेऊन शेजारी गेलं पाहिजे. याबाबतीत मी हट्टी आहे. लहान समाजाने आपल्या रीती सैल सोडल्या तर त्या जपायला दुसरं कुणी नाही.

पण त्या रीतींच्या मुळाशी काय आहे, हेही मला ठाऊक आहे. सासऱ्यांच्या वडिलांच्या हातचं पाणी एका माणसाने घेतलं, तिथून हे घर ख्रिस्ती झालं. तेव्हा परदेशातून आलेल्या मुलीला आम्ही नुसतं खाऊपिऊ घालावं, सांभाळावं, आणि तिच्या हातचं, तिच्या रीतीचं काही घेऊ नये, हे या घराला शोभणारं नाही. पाहुणचार केला की माणूस पाहुणाच राहतो. त्याच्याकडून शिकलं की तो घरचा होतो. आज आमच्या मंडळीतली मुलं पुण्या-मुंबईत, बंगळुरात, परदेशांत आहेत. सुना-जावई कुठल्याही मुलखातले येतील. त्यांना आपली प्रार्थना जरूर शिकवावी, आणि त्याच आठवड्यात त्यांच्या समोर बसून त्यांच्या जेवणाची रीत शिकावी, मग ती केळीच्या पानावरची असो, काट्या-चमच्याची असो की चॉपस्टिकची. बोटांना वळण लागायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात समोरच्या माणसाला या घरात आपली जागा सापडते.