मिनिट कुठून मोजायचं?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्यांबद्दल बाहेरच्यांचा एक समज असतो, की ही मंडळी रात्रभर राक्षस मारत बसतात. प्रत्यक्षात आमच्या टेबलावरचा निम्मा वेळ नियमांचा कीस पाडण्यात जातो. अदृश्य झालेल्या माणसाचा आवाज येतो का? मागून वार करायचा तर समोर मित्र उभा असावा लागतो का, की नुसता जवळ असला तरी चालेल? अशा प्रश्नांवर चहाचे दोन राऊंड होतात. यात नवीन काहीच नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत हा खेळ तीन छोट्या पुस्तिकांमधून बाजारात आणला, तेव्हापासून लोक वाद घालतच आहेत. ‘ड्रॅगन’ या मासिकात तर वाचकांच्या नियमविषयक शंकांना उत्तरं देणारं ‘सेज ॲडव्हाइस’ नावाचं सदर वर्षानुवर्षं चाललं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण डन्जन मास्टर, म्हणजे डीएम. तो गोष्ट सांगतो आणि त्या जगातली बाकी सगळी माणसं, जनावरं, भुतं तोच वठवतो. उरलेले प्रत्येकी एक पात्र घेतात. पात्र काय करणार ते खेळाडू ठरवतो. ते जमलं का, हे वीस बाजूंचा फासा आणि नियम मिळून ठरवतात. हारजीत अशी नसते. गोष्ट पुढे जाते, एवढंच.

आमचं टेबल पुण्यात माझ्या हॉलमध्ये, एका शनिवाराआड. डीएम व्यवसायानं दंतवैद्य आहे. आई गेल्यावर मी बाबांना साताऱ्याहून माझ्याकडे आणलं, तेव्हा त्या शनिवारांचं काय करायचं असा प्रश्न होता. बाबा म्हणाले, “तुमचं चालू दे.” ते आतल्या खोलीत दार लोटून बसायचे. टीव्ही बंद असायचा.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी ते बाहेर आले आणि पाण्याची बाटली हातात धरून उभे राहिले. आमचा वाद चालला होता. या खेळात परिस्थिती अनुकूल असेल तर दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा, प्रतिकूल असेल तर लहान. आमच्या तिरंदाजाकडे अनुकूल अशी तीन कारणं होती आणि प्रतिकूल एकच. तो म्हणत होता, तीनातून एक वजा, तरी दोन उरतात. डीएमनं पुस्तक उघडून दाखवलं, की दोन्ही बाजूंनी किमान एकेक कारण असलं की हिशेब संपला. किती आहेत ते मोजायचंच नाही. एकच फासा टाकायचा.

“एका आक्षेपानं तीन शिफारशी बाद,” बाबा म्हणाले. “बरोबर आहे. ऑडिटला असंच असतं.”

बाबांची सगळी नोकरी जिल्हा कोषागारात गेली. १९८१चे महाराष्ट्र नागरी सेवा नियम त्यांना पोटनियमांसकट पाठ होते. इंग्रजी नियमपुस्तकं वाचण्यात हयात गेलेल्या माणसाच्या हातात मी ‘प्लेयर्स हँडबुक’ दिलं. आमच्याकडे २०१४ची आवृत्ती आहे. २०२४ साली सुधारित पुस्तक आलं, पण आम्ही जुन्यावरच आहोत. दोन आठवडे ते पुस्तक त्यांच्या उशाशी होतं. आमच्यात असा नियमांवर बोट ठेवणारा खेळाडू असला की त्याला ‘रूल्स लॉयर’ म्हणतात, आणि ती काही स्तुती नसते. कारण बहुतेक वेळा तो स्वतःच्या फायद्याची पळवाट शोधत असतो. बाबांना पळवाट नको होती. त्यांना नियमाची हद्द बघायची होती.

पात्र बांधणं हा या खेळातला खेळाआधीचा खेळ. प्रत्येक पात्राच्या सहा क्षमता असतात : ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि लोकांवर छाप पाडण्याची ताकद, जिला खेळात करिष्मा म्हणतात. पूर्वी तीन फासे सहा वेळा टाकायचे आणि जे पडेल ते त्याच क्रमानं घ्यायचं. जन्म म्हणजे जुगार, असा तो साधा हिशेब. आता दुसरा मार्गही आहे. प्रत्येक क्षमता आठपासून सुरू होते आणि तुमच्याकडे खर्चायला २७ गुण असतात. तेरापर्यंत दर पायरीला एक गुण, त्यापुढे चौदासाठी दोन आणि पंधरासाठी आणखी दोन. पंधराच्या वर विकत घेता येत नाही.

बाबांनी आखीव वहीत कोष्टक मांडलं. तीन पंधरा आणि तीन आठ घेतले तर २७ गुण संपतात आणि बेरीज येते ६९. तीन तेरा आणि तीन बारा घेतले तरी २७ गुणच लागतात, पण बेरीज ७५. “म्हणजे शेवटच्या दोन पायऱ्या महाग आहेत,” ते म्हणाले. मी सांगितलं, की बेरजेला भुलू नका. फाशात मिळवायचा आकडा दर दोन पायऱ्यांनी एकानं वाढतो, त्यामुळे बारा आणि तेरा दोन्हींचे +१च. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “मग तेरावर थांबणं म्हणजे अखर्चित रक्कम.” तिरंदाजानं त्यांना टाळी दिली.

शेवटी त्यांनी पुस्तकात तयार दिलेले आकडे घेतले : १५, १४, १३, १२, १०, ८. पात्र ठेंगूंच्या जमातीतला पुरोहित. पंधरा शहाणपणाला, चौदा काटकपणाला, आठ करिष्म्याला. “बोलून कुणाला जिंकणं मला कधी जमलं नाही, तिथे उगाच गुण कशाला,” म्हणाले. पुरोहिताला आपला पंथही निवडावा लागतो. आम्हाला वाटलं होतं, ते जीवनाचा पंथ घेतील. सगळे नवे खेळाडू तोच घेतात. बाबांनी २०१७च्या एका पुरवणी पुस्तकातला ‘ग्रेव्ह’, म्हणजे थडग्याचा पंथ घेतला. या पंथाचा पुरोहित मृत्यूला शत्रू मानत नाही. मरणाची वेळ आलेली नसेल त्याला मागे खेचायचं, आणि जो गेला त्याला कुणी ओढून परत आणून राबवत असेल तर ते थांबवायचं, हे त्याचं काम. शांत विश्रांती, तत्काळ पुनर्जीवन आणि मृताला उठवणं हे तिन्ही मंत्र, ती पातळी गाठली की, या पंथाला कायमचे मिळतात.

मंत्रांची यादी करताना बाबांनी डीएमला पहिला प्रश्न विचारला. तत्काळ पुनर्जीवनाचा मंत्र मेल्यापासून एका मिनिटाच्या आत म्हणावा लागतो आणि त्यात ३०० सुवर्णमुद्रा किमतीचे हिरे खर्ची पडतात. बाबांचं बोट त्या ओळीवर होतं.

“मिनिट कुठून मोजायचं? गेल्यापासून, की आपल्याला कळल्यापासून?”

डीएम सहज म्हणाला, “गेल्यापासून, काका. कळलं कधी याचा संबंध नाही.”

बाबांनी ते वहीत लिहून घेतलं. मी स्वयंपाकघरात गेले.

आई झोपेत गेली. बाबा नेहमीप्रमाणे साडेपाचला उठले, चहा टाकला, तिला हाक मारली. डॉक्टर आले आणि त्यांनी विचारलं, किती वेळ झाला? बाबा म्हणाले, साडेपाचला कळलं. डॉक्टर म्हणाले, ते नाही, गेल्या कधी? दाखल्यावर शेवटी अंदाजानं वेळ घातली. ज्या माणसानं दर नोव्हेंबरात हजारो पेन्शनरांचे हयातीचे दाखले तपासले, तारखेत खाडाखोड असली तर कागद परत पाठवला, त्याच्या घरच्या कागदावर अंदाज लिहिलेला होता. याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. पण नात्यातलं कुणी भेटायला आलं आणि ‘थोडं आधी लक्षात आलं असतं तर’ असं म्हणालं, की बाबा उठून गॅलरीत जायचे.

सात-आठ महिन्यांनी आमची टोळी एका तळघरात सापडली. टोळीतली जादूगार खेळणारी मुलगी चोवीस वर्षांची आहे, आमच्यात सगळ्यात लहान. तिची जादूगार सापळ्यात अडकून दगडी दारापलीकडे एकटी पडली. आम्ही अलीकडे पिशाच्चांशी लढत होतो. पात्राची ताकद शून्यावर आली की दर फेरीला एक फासा टाकतात : दहा किंवा वर पडला तर यश, खाली पडला तर अपयश. तीन यशं आली तर जीव तगतो, तीन अपयशं आली तर गेला. बेशुद्ध माणसावर जवळून वार बसला, तर तो एकदम दोन अपयशांचा धरतात. पलीकडेही एक पिशाच्च होतं. चौथ्या फेरीत जादूगार गेली. अलीकडची लढाई आम्ही जिंकलो, पण दार फुटेना. कुणी खांदा लावला, कुणी पहार. अखेर दार पडलं, आम्ही आतलं पिशाच्च संपवलं आणि बाबांचा पुरोहित तिच्याजवळ गुडघे टेकून बसला. मंत्र होता, हिरेही होते.

बाबांनी वहीतल्या खुणा मोजल्या. ते दर फेरीला एक काडी मारायचे. “पंधरावी फेरी. ती गेली चौथ्या फेरीत. अकरा झाल्या.”

खेळातली एक फेरी म्हणजे सहा सेकंद. दहा फेऱ्यांचं मिनिट. सहासष्ट सेकंद झाले होते.

“सहा सेकंदांचं काय एवढं, काका,” डीएम म्हणाला. या खेळात डीएमचा शब्द शेवटचा असतो, तो पुस्तकाच्याही वर. “मी देतो. म्हणा मंत्र.” तिरंदाज म्हणाला, चालतंय. मीही म्हणाले, घ्या ना बाबा. त्या मुलीचे डोळे भरून आले होते. वर्षभर वाढवलेलं पात्र होतं ते.

बाबांनी मान हलवली. “तुम्ही द्याल, ते खरं. पण मग मिनिटाला अर्थ काय राहिला?” थोडं थांबून म्हणाले, “आम्ही धावलो. दार फुटलं नाही. उशीर झाला. यात कुणी चुकलं नाही.”

टेबलावर कुणी काही बोललं नाही. बाकीच्यांना ते नियमाबद्दल वाटलं असावं. मला त्या दिवशी कळलं, की हा माणूस इतके महिने पुस्तकात काय शोधत होता. मिनिट जर आपल्या प्रेमानुसार लांबत असेल, तर ज्याच्यासाठी ते लांबलं नाही त्याच्यावर आपलं प्रेम कमी पडलं, असा अर्थ निघतो. मिनिट जर मिनिटच असेल, तर उशीर हा नुसता उशीर असतो. त्याचा अपराध होत नाही. कडक नियमात अशीही एक दया असते. सवलत देणाऱ्यांना ती दिसत नाही, कारण त्यांच्या हातात त्या क्षणी सवलत असते.

पण नियम तिथेच संपत नव्हता, आणि बाबांना तो पुढचाही माहीत होता. मृताला उठवण्याचा मोठा मंत्र दहा दिवसांपर्यंत चालतो. त्याला ५०० सुवर्णमुद्रांचा हिरा लागतो आणि आमच्यापेक्षा वरच्या पातळीचा पुरोहित. तसा पुरोहित शहरातल्या देवळात होता, आठ दिवसांच्या वाटेवर.

“दहा दिवस,” बाबा म्हणाले. “म्हणजे दहाव्यापर्यंत.”

त्यांनी शांत विश्रांतीचा मंत्र म्हटला. त्याला चिमूटभर मीठ लागतं आणि प्रेताच्या दोन्ही डोळ्यांवर एकेक तांब्याचं नाणं. देह कुजत नाही आणि मंत्र टिकेल तेवढे दिवस मुदतीत धरले जात नाहीत. तुळशीपत्र आणि गंगाजलाच्या देशातल्या माणसाला हे सांगावं लागलं नाही. जगात अनेक ठिकाणी माणसं मेलेल्याच्या तोंडात नाही तर डोळ्यांवर काहीतरी ठेवत आली आहेत.

देवळात पोचल्यावर डीएमनं त्या मुलीला विचारलं, कारण नियमच तसा आहे : आत्म्याची इच्छा नसेल तर कुणालाही परत आणता येत नाही. बोलावणारा कोण, त्याचं नाव काय, त्याचा देव कोणता, हे आत्म्याला कळतं आणि तरी तो नकार देऊ शकतो. मुलगी जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “नाही येत ती. तिचं झालं होतं, काका. खरंच. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.”

आईच्या दहाव्याला घाटावर कावळा लगेच शिवला होता. पिंड ठेवून आम्ही चार पावलं मागे सरलो नाही तोच. लोक म्हणाले, पुण्यवान बाई, काही इच्छा राहिली नव्हती. बाबा मात्र परतीच्या वाटेवर गाडीत एकच वाक्य बोलले होते, “एवढी घाई?”

त्या मुलीच्या उत्तरावर बाबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. “नाव कळूनही नाही म्हणता येतं,” ते म्हणाले. “चांगला नियम आहे.” मग त्यांनी पुरोहिताच्या सामानातून ५०० मुद्रांचा हिरा खोडला आणि देवळाला दान म्हणून लिहिला. तो खर्च झाला नव्हता. डीएमनं ते लक्षात आणून दिलं. बाबा म्हणाले, तरतूद त्याच कामासाठी होती, दुसरीकडे वळवता येत नाही.

आता ते आतल्या खोलीत दार लोटून बसत नाहीत. नात्यातल्या कुणी पुन्हा ते ‘थोडं आधी’ म्हटलं तर उठूनही जात नाहीत. “झोपेत गेली, आम्हाला साडेपाचला कळलं,” एवढं सांगतात आणि चहा विचारतात.

त्या मुलीनं नवं पात्र करायला घेतलं, तेव्हा ती बाबांशेजारी बसली होती. या वेळी लढवय्यी हवी होती तिला, ताकद पंधरा, चपळाई पंधरा, काटकपणा पंधरा. सत्तावीस गुण तिथेच संपले, तरी ती कागदावर इकडचं तिकडे करत होती. बाबांनी तिच्या हातातून हळूच पेन्सिल घेतली.

“वरचे आकडे राहू दे,” ते म्हणाले. “आठ कुठे सोसतील ते आधी ठरव. बाकीचं आपोआप जमतं.”