लेकरांच्या हातात ताल द्यायचा की नाही?



आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी वंदनेनंतर पहिली ते चौथीच्या मुलांना आम्ही ताल आणि गाणं शिकवतो. वस्तीतल्याच काही ज्येष्ठांचा याला विरोध आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गावकीत दुसऱ्याच्या दारात वाजवणं आपल्या माथी मारलेलं होतं, ते बाबासाहेबांमुळे सुटलं. मग शिकलेल्या पोरांनीच पुन्हा लेकरांच्या हातात वाद्य का द्यायचं? त्यापेक्षा स्कॉलरशिपची गणितं घ्या, असं ते म्हणतात. एका बाबांनी तर अष्टशीलातलं सातवं शील पुढे केलं.

शीलाचं उत्तर सोपं आहे. नृत्य-गायन-वादनापासून दूर राहण्याचं ते शील उपोसथाच्या दिवशी पाळायचं. रोजच्या पंचशीलात गाण्याला मनाई नाही. आणि त्रिसरण आपण एका सुरात म्हणतो, ते लेकरं कानानंच शिकतात ना?

गावकीचा मुद्दा मात्र खरा आहे. सक्ती झुगारली ते योग्यच झालं. पण चळवळीनं वाद्य फेकून दिलं नव्हतं. भीमराव कर्डकांचे जलसे ढोलकीच्या साथीनंच गावोगाव गेले. वामनदादांनी तर आयुष्यभर गाण्यातूनच माणसं जागी केली. प्रश्न वाद्याचा नव्हता, कुणाच्या हुकमावरून वाजवायचं याचा होता. टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली मृदंग बनवणाऱ्या दलित कारागिरांवर पुस्तक लिहिलं. कातडं कमावणारे हात आपले आणि मैफलीतला मान दुसऱ्यांचा, हे तिकडेही तसंच.

शाळेत काय चालतं तेही बघा. आमच्या भागातल्या एका शाळेत गॅदरिंगच्या समूहगीतात क्लासला जाणारी मुलं पुढे उभी केली आणि आपल्या मुलांना मागच्या रांगेत फक्त ओठ हलवायला सांगितलं. कारण काय, तर आवाज फार चढा. एम.ए.ला 'सांस्कृतिक भांडवल' हा शब्द आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. तो असा दिसतो.

आता चढ्या आवाजाविषयी. मुलं ओरडतात, कारण त्यांना स्वर चुकीचा दिला जातो. पुरुष शिक्षक पेटीवर आपल्या सोयीची काळी एक धरतो. लहान मुलांचा आवाज तिथं खाली उतरत नाही, मग ती एकतर पुटपुटतात, नाहीतर वरच्या सप्तकात किंचाळतात. काळी चारच्या आसपास सा धरा, तोंड मिटून गुणगुणायला लावा, आवाज आपोआप जाग्यावर येतो. डीजेसमोर वाढलेल्या लेकराला हळू गाणंही गाणंच असतं, हे पहिल्यांदा तिथं कळतं.

तालाला सुरुवातीला वाद्य देतच नाही. गोल चालायचं, पावलावर १ ते ८ मोजायचं. हा केरवा. १ वर टाळी, ५ वर खाली, म्हणजे हात नुसता उघडा सोडायचा. सगळ्यात अवघड हीच खाली. न वाजवता थांबणं पोरांना जड जातं, आणि घोळक्यात लय हटकून पळायला लागते. म्हणून रोज एक मूल मधे उभं राहून पाय आपटतं आणि बाकीच्यांनी त्याच्या पायाबरोबर राहायचं. यात वर्गात तोंड न उघडणारी मुलंही सगळ्यांना थोपवून धरतात. मग तोंडानं बोल म्हणायचे. ६ मात्रांचा दादरा नंतर, ढोलकी त्याच्याही नंतर. दुसऱ्याचं ऐकून आपली जागा धरायची, हे पोरं इथं शिकतात. आमच्या कार्यकर्त्यांच्या बैठकांतही हे शिकवायला हवं, पण तो विषय वेगळा.

गणिताचा तास बंद केलेला नाही. ताल नऊला, गणित दहाला, आणि तालासाठी आलेलं मूल गणिताला थांबतं.

जयंतीच्या वर्गणीची बैठक जवळ आली आहे. डीजेची सुपारी ठरवण्याआधी त्याच पैशातून एक पेटी, दोन छोट्या ढोलक्या आणि चार खंजिऱ्या विहारासाठी घ्याव्यात, ही मागणी आम्ही लेखी देणार आहोत. तरुणांनी त्या दिवशी हजर राहावं. विरोध करणाऱ्या ज्येष्ठांनीही यावं आणि समोर बोलावं.