मोगली, आजी आणि जिवाणी



माझ्या वयाच्या बायांना मोगली कोण ते सांगावं लागत नाही. १९९३ मध्ये दूरदर्शनवर ‘द जंगल बुक’ सुरू झालं तेव्हा मी दुसरीत होते. रविवारी सकाळी मंदिरातून धावत घरी यायचं. अमरावतीच्या आमच्या बैठकीत गल्लीतली आठ-दहा पोरं टीव्हीसमोर आधीच बसलेली असायची. गुलजारांचं शीर्षकगीत, विशाल भारद्वाजांची चाल आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज! ही मालिका मुळात जपानी, तिकडे १९८९ मध्ये सुरू झालेली, ५२ भागांची, हे मला खूप उशिरा कळलं. मला तर मोगली आपल्या मेळघाटातलाच वाटायचा. तसा तो फार लांबचा नव्हताही. किपलिंगने १८९४ च्या पुस्तकात त्याला ठेवलंय ते नागपूरच्या वरच्या सिवनीच्या डोंगरात.

पण मला एक कोडं पडायचं. आमच्या घरी कंदमुळं नाहीत, रात्रिभोजन नाही, पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही. आणि टीव्हीवर माझे लाडके लांडगे शिकारीला निघायचे. एकदा मी आजीला विचारलं, “शेरखान नरकात जाईल का गं?”

आजी गहू निवडत होती. म्हणाली, “काहून वं? वाघाले भूक लागली त तो मारते. पोट भरलं का हरिण समोरून गेलं तरी पायत नाही. मानसाचं पोटच भरत नाही.”

मग तिने मुक्तागिरीची गोष्ट सांगितली. आम्ही परतवाड्यावरून तिथे दर्शनाला जायचो, ५२ मंदिरं पायऱ्या मोजत चढायचो. तिथे डोंगरावरून एक मेंढा ध्यानस्थ मुनींसमोर पडला. मुनींनी त्याला णमोकार मंत्र ऐकवला आणि मेंढा मरून देव झाला. म्हणून तो मेंढागिरी. महावीर भगवानही आधीच्या एका भवात सिंह होते. चारण मुनींचा उपदेश ऐकून त्या सिंहाने हिंसा सोडली. आजीचं म्हणणं एवढंच, की जनावराचाही जीव आपल्याच वाटेवरचा आहे, फक्त मागेपुढे.

पाठशाळेत पुढे हिंसेचे चार प्रकार शिकले. संकल्पी हिंसा म्हणजे मुद्दाम, ठरवून केलेली. श्रावकाने ती तर सोडायचीच. ते पाठ करताना मला मोगलीच्या जंगलाचा कायदा आठवायचा: भुकेसाठी शिकार चालेल, मजेसाठी नाही.

आणि जिवाणी. आजी पाणी गाळून झालं की गाळणं उलटं करून धुवायची आणि ते पाणी बादलीने विहिरीत हळूच खाली सोडायची, वरून ओतायची नाही. “ज्याचं घर तिथं, त्याले तिथंच पोचवा लागते,” म्हणायची. मोगली पाहिलेला असल्यामुळे मला ते लगेच पटलं. बघीराला, बल्लूला घर असतं, तसं गाळण्यावरच्या न दिसणाऱ्या जिवालाही असतं.

एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये, दूरदर्शनने तीच मालिका पुन्हा दाखवली. तेव्हा आम्ही अकोल्याला होतो, लेक अकरा वर्षांची. डोरेमॉनवर वाढलेली ती पोर पहिल्या दिवशी “किती जुनं गं आई” म्हणाली आणि आठवड्याभरात अकेलासाठी रडली. आजी तेव्हा नव्हती. गहू निवडताना सांगितलेल्या त्या गोष्टी मग मीच सांगितल्या. नंतर नरनाळ्याला गेलो तेव्हा गडावरून मेळघाटाचं जंगल बघत ती बराच वेळ गप्प उभी होती.

यंदा ती पुण्याला होस्टेलवर जातेय. परवा बॅग भरताना म्हणाली, “आई, तिथे काय काय पाळायचं ते लिहून दे.” मी कागद घेतला. बटाटा, लसूण, सूर्यास्ताची वेळ, सगळं डोक्यात होतं. मेसचं जेवण रात्री आठला असतं, हेही माहीत होतं. तिथे माझी यादी किती दिवस टिकेल याची रोज काळजी वाटते, आईला वाटणारच.

यादी दिली मी. ती लागतेच. पण तिला म्हटलं, एखादा नियम कधी जड गेला तर स्वतःला एवढंच विचार, की ताटात येण्याआधी याचं घर कुठे होतं. नियम आपल्या घरात त्या प्रश्नातूनच आलेत. तिने यादीसोबत एक छोटं सुती गाळणंही बॅगेत टाकलं. मी सांगितलं नव्हतं.