अखाद्य आणि अभक्ष्य



‘अखाद्य’ आणि ‘अभक्ष्य’ हे शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. परंतु त्यांतील भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. दगड अखाद्य आहे, कारण तो पचत नाही. अभक्ष्य मात्र पचणारे असते. ते खाऊ नये, असे समाजाने ठरविलेले असते. कीटक यांपैकी कशात मोडतात, असे मी अहिल्यानगरच्या संपर्कसत्रांत विचारतो. उत्तर बहुधा ‘अखाद्य’ असे येते.

एका सत्रात भामरागडला नोकरी केलेल्या एका प्राथमिक शिक्षकांनी निराळे उत्तर दिले. माडिया कुटुंबात त्यांनी लाल मुंग्यांची चटणी खाल्ली होती आणि तिचा आंबटपणा त्यांना आवडला होता. (तो मुंग्यांच्या अंगातील फॉर्मिक आम्लाचा असतो. अशाच चटणीला ओडिशातील मयूरभंज जिल्ह्यासाठी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.) वर्ग हसला. मागून कोणी ‘जंगली’ असा शब्द उच्चारला. तो शब्द चटणीसाठी नव्हता, ती खाणाऱ्या माणसांसाठी होता.

आता आपल्याच नगराकडे पाहू. येथे अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये काम सुरू केले. बायबलातील योहान टोळ आणि रानमध खाऊन राहत असे. इस्लाममध्येही टोळ खाण्यास मुभा आहे. या दोन्ही धर्मांचे ग्रंथ येथे पिढ्यान्‌पिढ्या वाचले जातात, तरी टोळ येथल्या ताटात आला नाही. मराठीत तो ‘टोळधाड’ या संकटवाचक शब्दातच राहिला. उलट, मध हा मधमाशीने फुलांतील रस पोटात साठवून, पुन्हा मुखावाटे बाहेर काढून केलेला पदार्थ. एका घरी तो पंचामृतात पडतो. शेजारच्या जैन घरी माश्यांच्या हिंसेमुळे वर्ज्य असतो. आणि आपण चवीने खातो ती कोळंबी कीटकांप्रमाणेच संधिपाद संघातील आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ च्या अहवालात जगातील सुमारे २०० कोटी लोकांच्या आहारात कीटक असल्याचे नमूद केले आहे. इतक्या माणसांना पचणारे अन्न अखाद्य कसे म्हणावे?

मी स्वतः कीटक खात नाही. मला किळस येते आणि ती खोटी नाही. परंतु किळस लहानपणी घरात शिकलेली असते, जशी मातृभाषा. आपली भाषा येत नाही म्हणून कोणी मुका ठरत नाही. तसेच आपले अन्न खात नाही म्हणून कोणी हीन ठरत नाही.

हे मी मुद्दाम लिहितो. शाळेत डब्याचे झाकण अर्धेच उघडून जेवलेले काहीजण हे पुस्तक वाचत असतील. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील दलित समाजांच्या अन्नसंस्कृतीची नोंद केली. अशी नोंद तुम्हीही करू शकता. घरात पूर्वी खाल्ले जाई, पण चारचौघांत सांगितले जात नसे, असे काय होते, हे वडीलधाऱ्यांना विचारा. त्यांनी सांगितलेले नाव त्यांच्याच उच्चारात लिहून घ्या आणि पुढील संपर्कसत्राला वही घेऊन या.